कळकलेली जमीन

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर काठी बेगम बाजार म्हणून जी जुनी पेठ आहे, तिची जागा दुसरा आसफजाह निजाम अली खान याची बेगम हमदा हिने शहरातील व्यापाऱ्यांस दिली, आणि त्या दानशील बाईच्या स्मरणार्थ पेठेस हे नाव पडले. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीपासून ही पेठ फार दूर नाही. त्यामुळे येथील महाराष्ट्रीय आणि कोकणी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांची लग्नकार्ये, मुंजी आणि वास्तुशांती बेगम बाजाराच्या भांड्यांनी पार पडली आहेत. धान्य, मसाले, सुका मेवा यांचा घाऊक व्यापार तेथे आहेच. परंतु देवळाच्या कामासाठी जो मनुष्य जातो त्याची पावले आपोआप भांडेबाजाराकडे वळतात. घागरी, परात, हंडे, समया, ताम्हण, पळी-पंचपात्री, घंटा यांच्या उतरंडी दुकानांच्या छतापर्यंत पोचलेल्या असतात आणि गल्लीत ठोक्यांचा नाद घुमत असतो.

नवरात्रापूर्वी देवाची उपकरणी पाहण्यास आम्ही तेथे गेलो होतो. आमच्याबरोबर आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध काकू होत्या. त्यांनी महाप्रसादाच्या दिवशी ताक वाढण्यास योग्य म्हणून एक मोठे पितळी पातेले पसंत केले. दुकानदार मूळचा मारवाडी, पण त्याच्या तीन पिढ्या याच गल्लीत गेलेल्या, दखनी आणि मराठी यांचे मिश्रण करून तो म्हणाला, “काकू, याला कल्हई करून घेतल्याशिवाय ताक घालू नका हां, कळकून जाईल.” काकू हसल्या आणि म्हणाल्या, “अरे बाबा, हे मला सांगतोस होय?” हा संवाद इतकाच झाला. परंतु घरी परतताना ‘कळकणे’ हा शब्द आमच्या मनातून जाईना, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्यातूनच निघाला आहे.

कळकणे म्हणजे काय हे आपल्या घरांत कोणासही समजावून सांगावे लागत नाही. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ताकातील आंबटपणा आणि हवेतील प्राणवायू यांच्या संगतीने त्यातील तांबे थोडे थोडे विरघळते व ताकात उतरते. ताकास हिरवट छटा आणि ओकारी आणणारी चव येते. जोपर्यंत तांबे घट्ट धातूच्या रूपाने भांड्यात आहे तोपर्यंत ते निरुपद्रवी. विरघळून पाण्यात उतरले की तेच विष. यावर आपल्या पूर्वजांनी उपाय काढला तो कल्हईचा. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर आतून फिरवावयाचा, म्हणजे आंबटाचा आणि तांब्याचा स्पर्शच होत नाही. कल्हई झिजते आणि पुन्हा करावी लागते, हेही प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

आता वाचकांनी असे समजावे की पातेल्याच्या जागी एक डोंगर आहे आणि ताकाच्या जागी पावसाचे पाणी. खाणींच्या भोवतालची जमीन ज्या रीतीने नासते ती रीत मूलतः हीच आहे.

तांबे, जस्त, शिसे या धातूंची खनिजे पृथ्वीच्या पोटात बहुधा गंधकाशी बांधलेली असतात. त्यांच्या सोबतीला लोखंड आणि गंधक यांचे एक पिवळे चकाकणारे खनिज असते. त्यास माक्षिक म्हणतात आणि अननुभवी मनुष्य त्यास सोने समजून फसतो. जमिनीखाली, हवेपासून दूर, हे सारे लक्षावधी वर्षे स्वस्थ पडून राहते. मनुष्य खाण खणतो, हवे तेवढे धातुक काढून घेतो आणि उरलेला चुरा उघड्यावर ढीग करून टाकतो. त्या चुऱ्यास हवा लागते, पाऊस लागतो, माक्षिकातील गंधकाचे गंधकाम्ल होते, आणि हे आंबट पाणी वाटेतील तांबे, जस्त, शिसे, सोमल यांस विरघळवीत ओढ्यात उतरते. डोंगर कळकतो तो असा.

या कामात सूक्ष्मजंतूंचा हात आहे ही गोष्ट शास्त्रज्ञांस पुष्कळ उशिरा कळली. स्पेनमधील रिओ तिंतो नदीचे पाणी रक्तासारखे लाल आणि लिंबासारखे आंबट आहे. तिच्या उगमाजवळ रोमन लोकांच्याही आधीपासून खाणी चालत आल्या आहेत. खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात जुने लोखंड टाकले म्हणजे त्यावर तांबे चढते, हे तेथील कामगार जाणून होते व त्या मार्गाने तांबे मिळवीतही होते. पण ते पाण्यात कोण विरघळवितो याचा पत्ता नव्हता. १९४७ साली अमेरिकेतील कोल्मर आणि हिंकल या दोघा संशोधकांनी कोळशाच्या खाणींच्या आंबट पाण्यात एका जंतूचा शोध लावला. हा जंतू लोखंडास प्राणवायू देऊन त्यातून निघणाऱ्या शक्तीवर जगतो. पुढे त्यास थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स असे नाव मिळाले. हल्ली त्याच्या नावाच्या आरंभी ‘अ‍ॅसिडी’ असा उपसर्ग जोडतात. १९७० साली सिंगर आणि स्टम यांनी दाखवून दिले की अशा आंबट पाण्यात लोखंडाचा जो बदल आपोआप अत्यंत मंद गतीने होतो, तो या जंतूंमुळे दहा लक्ष पटींपर्यंत वेगाने होऊ शकतो. म्हणजे माक्षिक, हवा आणि पाणी असली तरी विस्तव फुंकणारा निराळाच होता.

येथपर्यंतची कथा वाचून सूक्ष्मजंतूंविषयी कोणाचे मत प्रतिकूल झाल्यास त्यात नवल नाही. परंतु याच जातकुळीत दुसरेही आहेत, आणि त्यांचा शोध कालक्रमाने आधीचा आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या कालव्यांस उन्हाळ्यात सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येई. तिच्या कारणाचा छडा लावता लावता मार्टिनुस बायरिंक या शास्त्रज्ञास १८९५ साली असा जंतू सापडला, जो प्राणवायूवाचून चिखलात राहतो, सल्फेटचा वापर श्वासासारखा करतो आणि त्याचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइड वायूत करतो. हा वायू दुर्गंधी खरा, पण धातूंचा कट्टर ग्राहक आहे. पाण्यात विरघळलेले तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम यांस तो पकडतो आणि त्यांचे काळे, न विरघळणारे खनिज करून तळाशी बसवितो. देवघरातील चांदीचे निरांजन काळे पडते त्याचे कारणही गंधकाची हीच मैत्री होय. थोडक्यात, खाणीत जे बांधलेले होते आणि पहिल्या जंतूने सोडविले, ते हा दुसरा जंतू पुन्हा बांधतो.

हा शोध शंभर वर्षे जवळजवळ ग्रंथांतच राहिला. नंतर हॉलंडच्याच दक्षिण सीमेवरील बुडेल येथील जस्ताच्या कारखान्याने त्याचा उपयोग केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे जस्त गाळीत असल्यामुळे खालची माती व भूजल धातूंनी दूषित झाले होते. १९९२ साली तेथे एक संयंत्र उभारण्यात आले: दूषित भूजल उपसून टाक्यांत घ्यावयाचे, तेथे बायरिंकच्या जंतूंस खाद्य देऊन पोसावयाचे, त्यांनी बांधलेले जस्ताचे सल्फाइड गाळून पुन्हा कारखान्याच्या भट्टीत पाठवावयाचे. जमिनीत वाया गेलेले जस्त मालकाच्या हाती परत आले. व्यवहाराची इतकी चोख बाजू असलेले दुसरे उदाहरण या विषयात आम्हांस तरी आढळले नाही. एरवी ही कामे पैसा खाणारी असतात.

खनिज बनविणाऱ्या जंतूंचा आणखी एक वर्ग आहे तो चुनखडीवाल्यांचा. १९७३ साली स्पेनमधील ग्रानादा येथील संशोधकांनी असे दाखविले की मातीतील जंतूंनी चुन्याचे स्फटिक बनविणे हे काही विरळा वैशिष्ट्य नव्हे. योग्य परिस्थिती दिली तर ते पुष्कळांस साधते. यांतील सर्वांत उद्योगी जंतू युरियावर जगतो. तोच युरिया, जो आपला शेतकरी पोत्याने शेतात टाकतो. जंतू त्याचे विघटन करतो, त्यामुळे भोवतालचे पाणी आंबटाच्या उलट, म्हणजे क्षारयुक्त होते आणि कार्बोनेट तयार होते. मातीत कॅल्शियम असल्यास त्याची कॅल्साइट नावाची चुनखडी बनते, आणि ती बनताना शिसे, तांबे, कॅडमियम, जस्त यांचे कण एकतर स्वतः कार्बोनेट होऊन बसतात किंवा चुन्याच्या स्फटिकात चिणले जातात. तांब्यावर चढणारा हिरवा थर आपण चिंचेने घासून काढतो. त्यातही तांब्याचे कार्बोनेट असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, चीनच्या शिनजियांग प्रांतातील उरुम्चीजवळच्या खाणक्षेत्रातून मिळविलेल्या कोकुरिया फ्लावा या जंतूच्या साहाय्याने तांब्याने दूषित झालेल्या मातीतील तांबे याच रीतीने बांधण्याचा प्रयोग वर्णिला आहे. त्याचा प्रमुख लेखक भारतीय होता.

ही वर्णने वाचून मनुष्य हर्षभरित होतो. आम्हीही झालो. म्हणून येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तेलाचे किंवा सांडपाण्याचे प्रदूषण जंतू खाऊन टाकतात, त्याचे पाणी आणि वायू करून टाकतात. ते नष्ट होते. धातू नष्ट होत नाही. जगातील कोणताही जंतू शिशाचा एक कणही नाहीसा करू शकत नाही. तो इतकेच करतो की पाण्यात फिरणाऱ्या शिशास दगडात बसवितो. दगड जेथे आहे तेथे पाणी पुन्हा आंबट झाले तर चुनखडी विरघळते आणि बंदिवान सुटतो. काळे सल्फाइड हवेशी आले तर पहिल्या जातीचा जंतू त्याची वाट पाहतच असतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील रायफल या गावी जुन्या युरेनियम गिरणीच्या जागेवर २००२ सालापासून भूजलात ॲसिटेट, म्हणजे सिरक्याच्या जातीचे खाद्य, सोडून जिओबॅक्टर नामक जंतूंकरवी विरघळलेले युरेनियम बसविण्याचे प्रयोग झाले. खाद्य चालू असताना पाण्यातील युरेनियम उतरले. परंतु ते उतरलेले राहील असा भरवसा ठेवण्यास प्राणवायू दूर ठेवावा लागतो, हेही त्यातून उघड झाले. युरियाच्या पद्धतीत अमोनिया मागे राहतो, आणि त्याची निराळी व्यवस्था करावी लागते. कल्हईसारखेच हे आहे. कल्हईवाला पितळेचे सोने करीत नाही, आणि त्याला पुन्हा बोलवावे लागते.

आता दूरदेशची उदाहरणे सोडून आपल्या परिसराकडे येऊ.

हैदराबाद संस्थानात सोन्याची खाण होती, ही गोष्ट आजच्या तरुण वाचकांस बहुधा माहीत नसेल. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे प्राचीन खोदकामांच्या खुणा सापडल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे एका कंपनीने काही वर्षे काम केले, आणि १९४७ साली संस्थानात हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली. भाषावार प्रांतरचनेत १९५६ साली रायचूर म्हैसूर राज्यात गेले आणि कंपनीनेही हट्टीचे नाव धारण केले. तेथील खडकात काही ठिकाणी सोने सोमलयुक्त माक्षिकात अडकलेले असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी लोखंडभक्षक जंतूंकडून हे माक्षिक फोडवून सोने मोकळे करण्याचे काम हाती घेतले आणि हट्टीस त्याचे प्रात्यक्षिक संयंत्रही बसविण्यात आले. सोमलाचे काय होते, हा प्रश्न येथे कळीचा आहे. जंतूंनी सोडविलेले लोखंड आणि सोमल यांचे मीलन होऊन लोह-आर्सेनेट नावाचा घन पदार्थ तयार होतो. तो नीट बनला आणि नीट ठेवला तर सोमल पाण्यात जात नाही, वाईट ठेवला तर जातो. ज्या जंतूस आम्ही वर दोष दिला, तोच येथे सुटलेल्या विषास बेडी घालण्यासही हातभार लावतो. सूक्ष्मजंतूंची देव आणि दैत्य अशी वाटणी करणे सोपे आहे, परंतु ती टिकत नाही.

खुद्द हैदराबाद शहरास खाण नाही, पण कारखाने आहेत. १९६१ साली येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाटणचेरू आणि काटेदान या औद्योगिक वसाहतींची माती तपासली आणि तीत शिसे, क्रोमियम, निकेल, जस्त यांसारख्या धातूंचे प्रमाण वाढलेले आढळल्याचे नमूद केले. मुसीत शहराचे सांडपाणी जाते, आणि शहराच्या खाली, नदीच्या पूर्वेकडील वाटेवर, त्याच पाण्यावर गवत व भाजी पिकते. १९०८ सालच्या सप्टेंबरात या नदीने महापूर आणून हजारो माणसे बुडविली, तेव्हा राज्यकर्त्यांनी विश्वेश्वरय्यांस पाचारण केले, आणि त्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरे झाले. पाण्याच्या त्या संकटाचा आवाज मोठा होता. मातीच्या या संकटास आवाज नाही, म्हणून त्यास कोणी विश्वेश्वरय्या अजून मिळालेला नाही.

महाराष्ट्रात मात्र एक उदाहरण असे आहे की त्याचा उल्लेख अभिमानाने करता येतो. नागपूर, भंडारा आणि बालाघाट हा सारा पट्टा मँगनीजच्या खाणींचा. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथील मँगनीज विलायतेस जात असे. सावनेर तालुक्यात गुमगाव येथे अशीच एक खाण आहे आणि तिच्या शेजारी खाणीतून काढून टाकलेल्या मुरमाड कचऱ्याचा ढिगारा होता. त्यावर गवताची काडी उगवत नसे. मातीत सेंद्रिय अंश नाही, पाणी धरवत नाही, मँगनीज अपरंपार, आणि जंतू जवळजवळ नाहीतच. नागपुरास १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची जी केंद्रीय संशोधन संस्था निघाली आणि १९७४ पासून जी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात नीरी, या नावाने ओळखली जाते, तिने हा ढिगारा आपल्या हाती घेतला. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे खड्डे घेऊन त्यांत साखर कारखान्यात निघणारा प्रेसमड भरला, मुळांशी नत्र साठविणारे रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर हे जंतू आणि मुळांवर वाढणारी मायकोरायझा ही बुरशी सोडली, आणि शिसव, साग, कडुनिंब, बांबू अशा झाडांची लागवड केली. उघड्या ढिगाऱ्याचे रान झाले.

येथे दगड बनविणारे जंतू प्रमुख नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुमगावचे काम मुळांच्या सोबत्यांचे आहे. परंतु त्यापासून एक गोष्ट दिसते. जंतू एकटा कामास लावता येत नाही. त्यास खाद्य लागते, सावली लागते, ओल लागते. आणि प्रेसमडसारखा टाकाऊ पदार्थ ते पुरवितो. बाटलीत आणून शिंपडला आणि जमीन शुद्ध झाली, असे जे विक्रेते सांगतात त्यांच्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. गुमगावास पावसाने ढिगारा वाहून शेतात जाणे थांबले, याचे श्रेय मुळांनी धरून ठेवलेल्या मातीसही आहे.

आता गोमंतक. या मासिकाच्या बहुसंख्य वाचकांचे कुलदैवत तेथे आहे आणि वर्षादोन वर्षांनी आपण सहकुटुंब तेथे जातो, म्हणून या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत जे लोहखनिज आहे त्याचा मूळ पट्टेदार खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचला. त्या काळच्या हवेत प्राणवायू नगण्य होता आणि समुद्रात लोखंड विरघळलेल्या स्थितीत असे. ते घट्ट होऊन तळाशी बसले, त्यात सूक्ष्मजंतूंचा मोठा वाटा असावा असे अनेक भूवैज्ञानिकांचे मत आहे. म्हणजे ज्या खाणी आपण रिकाम्या करतो त्या भरणारे कदाचित हेच मजूर होत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे खनिज जपानला जाऊ लागले आणि गावांचे रूप पालटले. एक टन खनिज काढावयास अडीच-तीन टन माती उपसून बाजूस टाकावी लागते. पन्नास-साठ वर्षांत त्या मातीचे डोंगर झाले. पावसाळ्यात त्या डोंगरांवरून लाल गाळ उतरतो तो शेतांत, तळ्यांत आणि शेवटी मांडवीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणी थांबविल्या आणि २०१८ साली अठ्ठ्याऐंशी पट्टे रद्द केले. पुढे नव्याने लिलाव होऊन २०२४ साली डिचोलीत खोदकाम पुन्हा सुरू झाले. तेव्हा त्या परिसरातील गावकऱ्यांनी घरे, देवळे, तळी आणि शेते पट्ट्यांतून वगळावीत अशी मागणी केली आहे. शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेस वैशाख शुद्ध पंचमीस हजारो धोंड अग्निदिव्यापूर्वी तळीत स्नान करतात. त्या गावाच्या भोवती खाणी आहेत. तळी हा तेथे केवळ पाण्याचा साठा नव्हे.

गोव्याची अडचण स्पेन किंवा बुडेलसारखी नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. तेथील खनिज मुख्यतः गंजलेले लोखंड आहे; गंधकाचे माक्षिक थोडे. त्यामुळे लिंबासारखे आंबट पाणी सर्वत्र वाहत नाही. तेथील शत्रू गाळ आहे, आणि गाळाबरोबर येणारे लोखंड व मँगनीज. गाळावर जंतूंची मात्रा चालत नाही. त्यास बांध, गवत, मुळे आणि गाळ साठविणारे खड्डे पाहिजेत, म्हणजे गुमगावचीच वाट. शास्त्राच्या नव्या नावावर भुलून साधे बांध घालण्याचे टाळले जाईल, अशी भीती आम्हांस वाटते.

तथापि जंतू तेथे आपले काम न विचारता करीत आहेत. खाणीजवळच्या झऱ्यावर किंवा संथ पाण्यावर इंद्रधनुष्यी तेलकट पापुद्रा दिसतो आणि खाली नारिंगी लोळ साचतो. ते तेल आहे की लोहजंतूंचे काम, हे ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही: काडीने पापुद्रा हलवावा, तेल असेल तर पुन्हा एकत्र येते, जंतूंचा पापुद्रा असेल तर काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहतात. १८३६ साली एहरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली अशा नारिंगी लोळात पीळ घातलेले तंतू पाहिले आणि त्यांस गॅलिओनेला नाव दिले. १८८८ साली विनोग्रादस्कीने हे जंतू लोखंडाच्या गंजण्यातून शक्ती मिळवितात असे प्रतिपादन केले. पाण्यात विरघळलेले लोखंड येथे गंज होऊन बसते, आणि त्या गंजाच्या पृष्ठभागास शिसे, सोमल यांसारखे धातू चिकटतात.

दिवाडी बेटाची कथा याहून बोलकी आहे. मांडवी नदीत असलेल्या या बेटावर श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान होते. कदंब राजांच्या सुवर्णनाण्यांवर त्या देवाचे नाव कोरलेले असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले, देव नदीपार डिचोली महालातील नार्वे गावी नेण्यात आला, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. योगायोग असा की देव ज्या महालात गेला त्याच महालातून पुढे खनिज निघाले, आणि ते बार्जांत भरून मांडवीवाटे ज्या बेटावरून देव गेला त्या बेटाच्या कडेने समुद्राकडे जाऊ लागले. दिवाडीच्या खारफुटीच्या चिखलात ते लोखंड मिसळले. गोव्यातील संशोधकांनी या चिखलातील बायरिंकच्या जंतूंचा, म्हणजे सल्फेटवर जगणाऱ्यांचा, अभ्यास केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. भोवतालच्या लोखंडाच्या प्रमाणावर या जंतूंच्या कार्याचे नियंत्रण असते, असे त्यांस आढळले. भरतीने समुद्राचे सल्फेट येते, खारफुटीच्या पानांचे खाद्य पडते, चिखलात हवा नसते. बुडेलच्या टाकीत जे पैसे खर्चून करावे लागले ते सर्व साहित्य येथे फुकट आहे.

म्हणून खारफुटी तोडून भराव घातला, किंवा खाजन शेतांचे बांध आणि मानशी मोडू दिल्या, तर केवळ मासे आणि भात जात नाही. काळ्या चिखलात जे बांधून ठेवलेले आहे त्यास हवा लागते, आणि किनाऱ्याकाठच्या अशा माक्षिकयुक्त चिखलाची माती कोरडी पडली म्हणजे आंबट होते, हे जगभर अनुभवास आले आहे. चिखल उकरून वर आणून ‘साफसफाई’ करण्याची हौस ज्या समित्यांस असते त्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी.

देवस्थानांच्या महाजनांस या बाबतीत एक काम सहज करता येण्यासारखे आहे. आपल्या देवळांत जमाखर्चाच्या, जत्रेच्या, कुळांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या जातात. त्यांतच एक वही पाण्याची असावी. वैशाखात तळीचे पाणी सर्वांत कमी असताना, मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठवड्याच्या आत, आणि दिवाळीच्या सुमारास, असे वर्षातून तीन वेळा तळीचे, झऱ्याचे व देवाच्या शेतातील विहिरीचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे. आंबटपणा, लोखंड, मँगनीज, शिसे आणि सोमल यांचे आकडे लिहून ठेवावेत. तळीत गाळ किती बोटे साचला तो खांबावर खूण करून मोजावा. नारिंगी पापुद्रा कोणत्या महिन्यात कोठे दिसला, हेही लिहावे. पहिल्या पावसाचा नमुना चुकवू नये, कारण उन्हाळाभर ढिगाऱ्यात साचलेले सर्व काही त्याच पाण्याबरोबर उतरते.

काकूंचे पातेले आम्ही कल्हई करून आणले. कल्हईवाल्याने त्यात पाणी ओतून, कापसाच्या बोळ्याने पुसून, चकाकी दाखविली आणि सांगितले की महाप्रसाद झाला की पातेले राखेने घासू नये, नुसते धुवावे. पुढच्या नवरात्रास पुन्हा आणावे.